बदल आला की काही कामाच्या जागा तरतात, काही बसतात. फरक कुठे पडतो?

कुंडईकर_मशीनवाला
नमस्कार मंडळी. मी कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या एका पॅकिंग युनिटमध्ये प्रॉडक्शन सुपरवायझर आहे. पावसाळ्यानंतर आमच्याकडे नवीन ब्लिस्टर मशीन (गोळ्यांच्या पट्ट्या बनवणारे) येतेय आणि कागदावरचे बॅच रेकॉर्ड, म्हणजे प्रत्येक बॅचच्या नोंदी, संगणकावर जाणार आहेत. त्यातच आमचे दोन सर्वांत जुने ऑपरेटर वर्षभरात निवृत्त होतायत. मालकांनी मला सांगितलेय, "माणसांची तयारी करून घे."

तयारी म्हणजे काय करून घ्यायचे, हा विचार करताना गोव्यातली गेली बारा-चौदा वर्षे डोळ्यांसमोर आली. २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या, तोवर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणींच्या लीजांचे नूतनीकरण रद्द केले. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनची थॉमस कूक ही पर्यटन कंपनी बुडाली आणि तिच्या चार्टर विमानांवर अवलंबून असलेले किनाऱ्यावरचे लोक अडकले. सहा महिन्यांत लॉकडाऊन. या सगळ्यात मी एक गोष्ट पाहिली. एकाच रस्त्यावरची, एकाच धंद्यातली दोन दुकाने, दोन हॉटेले, दोन वर्कशॉप. एक उभे राहिले, दुसऱ्याला कुलूप लागले.

गाठीला पैसा असणे हे कारण आहेच. पण तेवढेच नाही असे माझे मत. जिथे माणसांना स्वतःच्या कामापलीकडचे थोडे येत होते आणि वाईट बातमी मालकापर्यंत वेळेत पोचत होती, त्या जागा जास्त टिकल्या. तुमचा अनुभव काय? आणि माझ्या जागी तुम्ही असता तर आधी कशाला हात घातला असता?

नको_मीटिंग
आधी कशाला हात घालायचा ते माझ्या नावात लिहिलेय. :)
धागा चांगला आहे, वाचतोय.

सावर्डेचा_टिपर
मशीनवाले भाऊ, राग मानू नका, पण "माणसांना दुसरे काम येत होते का" हा प्रश्न आमच्या भागात कोणाला विचारू नका. मी टिपरवाला. खाणीवरून माल भरायचा, जेटीवर ओतायचा, परत फिरायचे. ट्रक बँकेच्या कर्जावर. २०१२ च्या सप्टेंबरात काम थांबले, हप्ता थांबला नाही. आमची तयारी नव्हती असे नाही, मी सगळी कामे शोधली. चिरे, खडी, रेती. पण सावर्डे, कुडचडे, सांगे, सगळीकडचे ट्रक एकाच वेळी तीच कामे शोधत होते. भाडे इतके पडले की डिझेल सुटेना. टायरवाला, गॅरेजवाला, रस्त्याकडेला चहाचा गाडा लावणारी बाई, सगळ्यांचे गिऱ्हाईक आम्हीच.

एका तालुक्याचे एकच गिऱ्हाईक असेल तर आतली माणसे कितीही हुशार असोत, सगळे एकदमच पडते. ही गोष्ट कंपनीच्या चार भिंतींत सुटत नाही.

कुंडईकर_मशीनवाला
@सावर्डेचा_टिपर, राग कसला दादा. हे लिहिलेत ते बरे झाले. एकाच गिऱ्हाइकाचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. आमचेही निम्म्याहून जास्त काम एकाच कंपनीचे आहे.

जुवारीकाठ
टिपरदादांचे शंभर टक्के खरे. त्याला जोडून दुसरी बाजू सांगतो.

माझ्या मामांचे जुवारी नदीच्या काठावर बार्ज, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी, दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप. खनिजाची वाहतूक पावसाळ्यात मंदावते, म्हणून बार्जी जून ते सप्टेंबर या काळात दुरुस्तीला चढायच्या. तळाचा पत्रा बदलणे, गंज खरवडणे, शाफ्ट, प्रोपेलर. बाकी आठ महिने काम तुरळक. बहुतेक वर्कशॉपवाले त्या काळात माणसे कमी करायचे. मामांनी मुख्य माणसे ठेवली. फिटरला वेल्डिंग शिकवायचे, वेल्डरला नकाशा वाचायला. फोरमन जमिनीवर खडूने पूर्ण मापाचा नकाशा काढायचा आणि पोरांना त्यावर उभे करून विचारायचा, "आता तू कुठल्या फ्रेमवर, बोटीच्या कुठल्या फासळीवर उभा आहेस?" मी लहानपणी तिथे उभा राहून उत्तर देत असे, म्हणून पक्के आठवते.

बंदी आली तेव्हा बार्जी नदीत नांगरून गंजू लागल्या. दुरुस्तीला कोण पैसे देणार? मामांकडची माणसे ट्रॉलरच्या कामाला लागली, मग शेडचे ट्रस, पाण्याच्या टाक्या, गेट. मिळकत पूर्वीसारखी नव्हती, पण महिन्याचा पगार होत होता. शेजारच्या वर्कशॉपमध्ये जास्त चांगली यंत्रे होती, पण माणसे दरवर्षी नवी. त्यांना ट्रॉलरवाल्याने काम दिले नाही, कारण करणार कोण हे मालकालाच सांगता येईना.

तेव्हा रिकाम्या महिन्यांत माणसांना घरी पाठवणे हा सगळ्यांना शहाणपणाचा हिशेब वाटत होता.

वास्कोची_मुलगी
मी वेर्ण्याला एचआरमध्ये आहे. धागाकर्त्यांच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल, म्हणजे वाईट बातमी वर पोचण्याबद्दल लिहिते.

एमी एडमंडसन या हार्वर्डच्या प्राध्यापक. नव्वदच्या दशकात त्या रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास करत होत्या. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये औषध देण्यातल्या चुका कमी असतील. आकडे उलटे आले. ज्या टीम चांगल्या म्हणून गणल्या होत्या त्यांच्याकडेच चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर कळले की त्या टीममध्ये परिचारिका चूक झाली तर बोलत होत्या, बाकीच्या ठिकाणी दडपत होत्या.

आमच्याकडे हे मी रोज पाहते. एका विभागात नियर-मिसचे, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचे, फॉर्म महिनोन्‌महिने कोरे. वरचे साहेब खूश. मी लाइनवर जाऊन चहा प्यायला सुरुवात केली तेव्हा एका मुलीने सांगितले की फॉर्म भरला की पहिला प्रश्न येतो, "ड्युटीवर कोण होते?" मग कोण भरेल? आम्ही फॉर्मवरचा नावाचा रकाना काढून टाकला आणि त्या जागी "काय बदलले तर हे टळेल?" असा रकाना घातला. फॉर्म येऊ लागले. त्यातला एक तर फोर्कलिफ्टच्या वळणाचा होता, तो वाचून माझ्या अंगावर काटा आला. ते वळण दुसऱ्याच दिवशी बदलले.

मशीनवाले, नवीन मशीन आले की पहिले काही आठवडे चुका होणारच. त्या तुम्हाला कळणार की नाही, हे आताच ठरतेय. आज कोणी रिजेक्शन वाढल्याचे सांगितले तर तुमचे पहिले वाक्य काय असते?

दोन_शिफ्ट
सगळे छान लिहिताय. मी कंत्राटी कामगार, एका कारखान्यात बरीच वर्षे त्याच मशीनवर. आमच्याकडे मागे नवी लाइन आली. ट्रेनिंगला कंपनीच्या रोलवरची माणसे बसली. आम्हाला त्या दोन दिवसांत गोडाऊनमध्ये खोके लावायला पाठवले. कारण आम्ही कॉन्ट्रॅक्टरचे. ट्रेनिंग संपले, आणि रात्रपाळीला ती लाइन कोण चालवतो? आम्हीच. रात्री दोनला मशीन अडले की साहेबांना फोन करायची भीती, आणि न करायचीही भीती.

लवचिक राहा म्हणतात तेव्हा वाकायचे नेहमी आम्हीच असते. पुढच्या महिन्यात मी असेन की नाही हे मला ठाऊक नाही, तर मशीनचा आवाज बदललाय हे मी कोणाला आणि का सांगू?

वास्कोची_मुलगी
@दोन_शिफ्ट, तुमचा प्रतिसाद मी आमच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर. कारखान्याचा उल्लेख तुम्ही केलेलाच नाही, मीही काही जोडणार नाही.

दोन_शिफ्ट
वाचा ताई.

नको_मीटिंग
अशा कामासाठी मीटिंगला माझी हरकत नाही.

परतीचा_पुणेकर
मी पुण्यात वाहन उद्योगात वीस वर्षे काढून आता पर्वरीला स्थायिक. जुवारीकाठ यांच्या मामांचे वाचून एक जपानी उदाहरण आठवले.

१ फेब्रुवारी १९९७. आयसिन सेइकी या टोयोटाच्या पुरवठादाराच्या कारियाच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमध्ये लागणारा पी-व्हॉल्व्ह नावाचा मुठीएवढा भाग तिथे बनायचा. टोयोटाचे जवळजवळ सगळे पी-व्हॉल्व्ह तिथूनच येत आणि साठा जेमतेम काही तासांचा, कारण साठा न ठेवणे हीच टोयोटाची ख्याती. गाड्यांचे कारखाने एकामागून एक थांबले. सगळ्यांना वाटले महिने लागतील. पण साधारण आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. कसे? आयसिनने नकाशे सगळ्यांना खुले केले आणि इतर पुरवठादारांनी, अगदी शिवणयंत्रे करणाऱ्या ब्रदरनेसुद्धा, आपापल्या मशीनवर तो भाग करायला घेतला. ज्यांनी हा व्हॉल्व्ह आयुष्यात केला नव्हता त्यांनी. सुरुवातीला किंमत आणि करार यांची बोलणीही झाली नव्हती. कारण आपल्याला बुडवणार नाहीत, हा भरवसा वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून आलेला होता.

दुसरे उदाहरण उलटे. मार्च २००० मध्ये अमेरिकेत अल्बुकर्कीला फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून छोटी आग लागली, काही मिनिटांत विझलीही. नोकिया आणि एरिक्सन दोघेही तिथून चिप घ्यायचे. दोघांनाही फिलिप्सने सांगितले की आठवड्याभराचा उशीर होईल. नोकियाने रोज विचारपूस सुरू केली आणि धुरामुळे नुकसान मोठे आहे हे कळताच दुसरीकडून माल उचलला. एरिक्सनमध्ये बातमी खालच्या स्तरावरच राहिली, वरच्यांना उशिरा कळली. सुमारे ४० कोटी डॉलरची विक्री गेली, आणि पुढे स्वतःचे हँडसेट करणे सोडून एरिक्सनने सोनीशी भागीदारी केली.

आग एकच. म्हणून वास्कोच्या ताईंचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो.

सावर्डेचा_टिपर
पुणेकर, उदाहरण पटले. पण बघा, टोयोटाच्या मागे दोनशे कारखाने उभे राहिले. आमच्या मागे कोण? संघटना केली, पणजीला खेपा घातल्या, तिथल्या आझाद मैदानावर बसलो. त्या व्हॉल्व्हवाल्यांनी करार न करता काम केले, कारण टोयोटा उद्याही असणार हे त्यांना ठाऊक होते. खाणवाला उद्या असेल का, हे आम्हाला कोणीच सांगत नव्हते. अनिश्चितता असेल तर माणूस शिकणार काय? ट्रक विकून रिक्षा घेतली, तर म्हणे खाणी पुढच्या सीझनला सुरू होतायत. थांबलो, तर झाल्या नाहीत.

परतीचा_पुणेकर
हे मान्य. खरी वस्तुस्थिती वेळेत सांगणे ही वरच्यांचीही जबाबदारी आहे. फक्त खालून वर बातमी गेली म्हणजे झाले असे नाही.

रायबंदरची_वाट
मुलांनो, मी निवृत्त बँक कर्मचारी. २०१२ आणि २०२० बद्दल बोलताय, मी तुम्हाला १९८६ ला नेते.

५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. मी तेव्हा नदीपलीकडे बेतीच्या बाजूला राहायचे आणि शाखा पणजीत. अर्धी पणजी बार्देशातून कामाला यायची. भर पावसात नदीला फुगवटा, आणि सगळा भार फेरीबोटींवर. रांगेत दुधाचे कॅन, शाळेची मुले, पेशंट, आणि आम्ही छत्र्या घेऊन.

आमच्या मॅनेजरांनी दोन-तीन दिवसांतच एक गोष्ट केली. पलीकडून येणाऱ्यांना कॅशच्या खिडकीवर बसवायचे नाही, कारण खिडकी ठरल्या वेळी उघडावीच लागते. ताळगाव, सांताक्रूझ, रायबंदरची माणसे कॅशवर आली, आम्ही मागच्या टेबलावर. ज्यांनी कधी चेकचे क्लिअरिंग पाहिले नव्हते ते क्लिअरिंग शिकले, मी लॉकरचे काम शिकले. संध्याकाळी आम्हाला आधी सोडायचे, पणजीची माणसे हिशेब मिटवून जायची. कोणी कुरकुर केली नाही असे मी म्हणणार नाही. पण मॅनेजरांनी पहिल्या दिवशी आम्हालाच बसवून विचारले होते, "कोण किती वाजता पोचू शकते ते खरे सांगा," आणि खरे सांगणाऱ्याला कधी सुनावले नाही. दुसऱ्या एका कचेरीत हजेरीपुस्तकाला लाल रेघ ठरल्या वेळीच पडत राहिली. तिथली माणसे रजा टाकू लागली.

नवा पूल व्हायला वर्षे गेली. आमच्या शाखेत ती अदलाबदल तोवर मुरून गेली होती. पुढे संगणक आले तेव्हा आमच्याकडे भीती कमी होती, कारण काम बदलणे ही नवी गोष्ट राहिली नव्हती.

नको_मीटिंग
आजी, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका. वाचनखूण साठवली.

पेडण्याची_पहाट
अवांतर, पण पुलावरून आठवले. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हा आमच्या हॉटेलची पिकअप गाडी दाबोळीच्या जुन्या विमानतळाची पार्किंग कोळून प्यालेल्या ड्रायव्हरच्या हाती होती. उत्तरेतला रस्ता, वेळ, थांबायची जागा, सगळे नवीन. मॅनेजरने ड्रायव्हरला बरोबर घेऊन पाहुणे नसताना दोन फेऱ्या मारल्या, दोन्ही वेळा पहाटेच्या. किती वाजता निघायचे तो तक्ता ड्रायव्हरने स्वतः बनवला. रिसेप्शनवर आजही तोच तक्ता लागलाय, त्याच्याच अक्षरात.

कांदोळी_किचन
अवांतर नाही हो, हाच मुद्दा आहे. तक्ता ज्याने बनवला तोच वापरतो.

पण धागाकर्त्यांशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. मी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात शेफ. "सगळ्यांना सगळे आले पाहिजे" याचा अतिरेक होतो. आमच्याकडे एका मॅनेजमेंटने आठवड्याला सेक्शन बदलायचा नियम काढला. तंदूरवाला बेकरीत, बेकरीवाला ग्रिलवर. तंदूरची भट्टी कुठे जास्त तापते हे कळायलाच माणसाला महिने लागतात. सहा महिन्यांत आमच्याकडे कुठल्याच कामाचा उस्ताद राहिला नाही. शेवटी नियम मागे घेतला आणि असे ठरवले की प्रत्येक सेक्शनला एक उस्ताद आणि त्याच्या हाताखाली दोघे असे की तो नसला तर दोन दिवस भागेल. दोन दिवस! त्यापेक्षा जास्त मागू नका.

२०१९ मध्ये ब्रिटिश चार्टरवाले पाहुणे गेले तेव्हा मेनू बदलावा लागला. इंग्लिश ब्रेकफास्टचे प्रमाण खाली आले, देशी पाहुणे आले, त्यांना सकाळी पोहे, डोसा, जैन जेवण. इथे उस्ताद उपयोगी पडले. ज्याला एक पदार्थ खोलात येतो तो दुसरा लवकर शिकतो. ज्याला सगळे वरवर येते तो गोंधळतो. हे मी पैज लावून सांगतो.

जुवारीकाठ
शेफ, सहमत. मामांकडेही वेल्डर हा वेल्डरच होता, फक्त नकाशा वाचू शकणारा वेल्डर.

कुंडईकर_मशीनवाला
शेफ, तुमचा मुद्दा घेतला. माझे वाक्य फारच मोघम होते. "एक उस्ताद, दोन भागवणारे" हे मी लिहून ठेवतोय.

वास्कोची_मुलगी
आणि सगळे रिकामा वेळ कुठून आणायचा असे विचारतात, त्यावर: आपल्याकडे तो वर्षातून एकदा आपोआप येतो. चतुर्थी!

चतुर्थीला गोव्यातल्या कुठल्याही कंपनीत जा. अर्धी माणसे गावी, दीड दिवस म्हणता म्हणता पाच-सात दिवस. त्या आठवड्यात काय अडते ते बघा. कुठला पासवर्ड फक्त एकाकडे आहे, कुठल्या सप्लायरचा नंबर एकाच्याच फोनमध्ये आहे, कुठला व्हॉल्व्ह "त्यालाच ठाऊक" आहे. एवढी स्वस्त चाचणी दुसरी नाही. आमच्याकडे चतुर्थी संपल्यावरच्या सोमवारी मी फक्त एक प्रश्न विचारते: "काय अडले?" ती यादी वर्षभर पुरते.

कांदोळी_किचन
बरोब्बर. आणि आमच्याकडे चतुर्थीला ख्रिस्ती मंडळी भार उचलतात, नाताळला आम्ही. ही अदलाबदल कुठल्या एचआरने काढलेली नाही, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. बेकरीचा उस्ताद चतुर्थीला मोदकांची सोय बघतो आणि नाताळला आमचा हलवाई बेबिंकाच्या थरांवर नजर ठेवतो. त्यातून एकमेकांचे काम कळते आणि माणूसही कळतो. लॉकडाऊनमध्ये आमच्या किचनने शिधा-जेवणाची पाकिटे केली तेव्हा कोण काय करू शकते हे विचारावे लागले नाही.

रायबंदरची_वाट
बँकेतही हेच होते. डिसेंबरची वर्षअखेर आम्ही सांभाळायचो.

दोन_शिफ्ट
चतुर्थीला आमच्यापैकी बरेच जण जात नाहीत. पगार कापला जातो म्हणून. तेव्हा सगळी लाइन आम्हीच चालवतो. त्या सोमवारी "काय अडले" हे आम्हाला कोणी विचारत नाही. विचारले तर पाने भरतील.

कुंडईकर_मशीनवाला
@दोन_शिफ्ट, या प्रतिसादावर काल रात्री बराच वेळ विचार केला. सगळ्यांचे आभार. आता परत माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. आज मालकांशी बोललो, काय ठरले ते लिहितो.

निवृत्त होणाऱ्या दोघांना शेवटचे महिने लाइनवरून थोडे मोकळे करायचे. प्रत्येकाबरोबर दोघे जण. आमचे जुने ऑपरेटर हीटरचे तापमान पॅनेलवर बघायच्या आधी फॉइलच्या कडेवर नख फिरवून बघतात. कड जरा खरखरीत लागली की सीलिंग कमी पडतेय. हे कुठल्याही एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, नाही. नवीन मशीनवर ते नख चालेल की नाही ठाऊक नाही, पण ते कशासाठी बघतात हे शिकाऊ माणसांना कळायला हवे. मशीनचे ट्रायल होईल तेव्हा हे दोघे तिथे असतील, कंपनीच्या इंजिनियरशी बोलायला.

मालकांना दोन माणसांचा जादा पगार खटकला. मी त्यांना विचारले की एक बॅच रिजेक्ट झाली तर किती जातात. ते गप्प बसले आणि मग हो म्हणाले.

संगणकावरचे रेकॉर्ड एकदम सगळ्या लाइनवर न आणता एका लाइनवर आधी, कागद सोबत ठेवून. स्क्रीनवरचे रकाने मराठीतून हवेत का, हे मी ऑपरेटरांना विचारले. बहुतेकांचे म्हणणे, शब्द इंग्रजीच ठेवा पण क्रम आत्ताच्या कागदासारखाच ठेवा. मी होऊन हे कधीच ओळखले नसते.

एकाच गिऱ्हाइकाचा प्रश्न माझ्या हातात नाही, पण टिपरदादांचा प्रतिसाद मी मालकांना वाचायला दिलाय.

सावर्डेचा_टिपर
वाचला का त्यांनी?

कुंडईकर_मशीनवाला
दोनदा. आणि म्हणाले की दुसरी कंपनी लहान ऑर्डर देत होती, ती आपण परतवली होती. तिला आता फोन करणार आहेत.

परतीचा_पुणेकर
लहान ऑर्डरला नवीन मशीनवर चेंजओव्हरचा, म्हणजे एका मालावरून दुसऱ्यावर मशीन बदलून लावण्याचा, वेळ जास्त जातो, त्यावर मालक महिन्याभरात नाखूश होतील. आताच मोजून ठेवा. चेंजओव्हरमधली कुठली कामे मशीन चालू असताना आधी उरकता येतील ते ऑपरेटरांसोबत बसून काढा. साचे, फॉइलचा रोल, लेबल हाताशी आणून ठेवणे एवढ्यानेही फरक पडतो. मदत हवी असेल तर कुंडईला येतो, पर्वरीहून लांब नाही.

कुंडईकर_मशीनवाला
या ना, नक्की या. व्यनि करतो.

दोन_शिफ्ट
एक विचारायचे होते. त्या ट्रेनिंगला कॉन्ट्रॅक्टरची माणसे आहेत का?

कुंडईकर_मशीनवाला
आहेत. कॉन्ट्रॅक्टरशी बोलणे झालेय, ट्रेनिंगचे दिवस पूर्ण हजेरीचे धरणार, हे लेखी घेतलेय. पहिली तुकडी रात्रपाळीची ठेवलीय, कारण रात्री विचारायला जवळ कोणी नसते. माझा फोन नंबर मशीनच्या पॅनेलवर चिकटवतोय.

दोन_शिफ्ट
मेंटेनन्सवाल्याचाही चिकटवा. आणि फोन केला म्हणून कोणी ओरडणार नाही, हे सगळ्यांसमोर सांगा.

कुंडईकर_मशीनवाला
सोमवारी शिफ्ट बदलताना सांगतो, दोन्ही पाळ्या समोर असताना.